खरकट्याची बादली

४ जानेवारी
अर्धी भाकरी, वाटीभर मेथी! बचत गटाच्या योगिनीताईंनी वही दिली — घरात रोज काय वाया जातं ते महिनाभर लिहा. मी म्हटलं, आमच्यात काय वाया जाणार? माहेरी कळवणला आम्ही ताट धुऊन प्यायचो! आणि पहिल्याच दिवशी खरकट्याच्या बादलीत हे. हर्षाली म्हणते, "मी नाही हं मम्मी, पप्पा असतील."

७ जानेवारी
पाऊण भाकरी. पेपरात गुंडाळून तळाशी दडवलेली — म्हणजे चोरीच की! विचारलं तर हे म्हणतात, "पोट भरलं गं." भरणारच. मळ्यावरून येताना कुठंतरी मिसळ चापत असणार.

१० जानेवारी
आज सोडलं नाही. सकाळी उरलेली भाकरी संध्याकाळी तीच वाढली आणि समोर बसले. "पानात टाकायचं नाही. माझी शपथ आहे!" कालवणात कुस्करून, घोट घोट पाणी पिऊन खाल्ली. तास लावला. डोळ्यांत पाणी. म्हणे, "कालवण तिखट झालंय."
बरी जिरवली.

१४ जानेवारी
वाया — काही नाही. गटात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

२९ जानेवारी
अन्ननलिकेत गाठ आहे. वाईट गाठ. डॉक्टरांनी विचारलं, गिळायला त्रास कधीपासून? हे म्हणाले, "दिवाळीपासून."
दिवाळीपासून! आणि मी बादलीत बघत बसले. त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं असतं तर... रिक्षात मी रडले — का नाही सांगितलं? तर म्हणे, "कांदा काढायचा होता. हर्षालीची परीक्षा होती. तू घाबरली असतीस."
त्या दिवशीचं कालवण फिक्कं होतं. मीच केलं होतं, मला माहीत होतं.

३ मार्च
पाच चमचे पेज. दोन गेले. म्हटलं, अहो, राहू द्या. तर हसून म्हणतात, "तुझी शपथ आहे ना!" आणि उरलेले तीन डोळे मिटून गिळले. थट्टेची सवयच आहे त्यांना. मी मात्र मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

५ एप्रिल
आज पाणीसुद्धा नाही.

१७ एप्रिल
दहावा झाला. गोदाघाटावर पिंड मांडला, कावळा शिवेना. धाकटे दीर, वाळूभाऊजी, हात जोडून म्हणाले, "दादा, मळा विकणार नाही." नाही. "हर्षालीला शिकवू." नाही. ऊन चढलं. मग मी पुढं झाले.
"अहो, शपथ सुटली. नको असेल तर टाका. मी रागावणार नाही."
शिवला.
वाया — निम्मा भात. राहू दे.