सावंतकाकूंच्या चपलेतला खड्डा

मंगळवार, परळ. संध्याकाळी साडेसात.

आज मी डॉक्टर मॅडमना टोकलं. मी, दवाखान्यातला दहावी नापास मदतनीस! चुकलो असतो तर?

लालबागच्या सावंतकाकूंना मधुमेह आहे, तळपाय बधिर. दाब मोजायच्या पाटावर मी त्यांना उभं केलं. त्यावरून कॉम्प्युटर पावलाचं चित्र बनवतो आणि जखम कुठे होईल ते लाल रंगात दाखवतो. सगळं निळं आलं. मॅडम म्हणाल्या, "छान, काळजी नाही." पण काकूंच्या चपलेत अंगठ्याखाली खड्डा पडलाय. मग चित्र निळं कसं?

आठवलं. चढण्याआधी काकूंनी पाटाला नमस्कार केला होता.

"काकू, पूर्ण भार टाकलात ना?"

"झिला, ती विद्या. तिच्यार भार कसो टाकू? कठडो धरून हळूच उभी रवलंय."

मॅडमना सांगितलं, काकूंना समजावून, कठडा न धरता पुन्हा उभं केलं. अंगठ्याखाली लालभडक, बरोबर खड्ड्याच्या जागी. मॅडमनी तपासलं तर घट्ट्याखाली जखम धरायला लागली होती. "पाय वाचवलास रे," म्हणाल्या.

केसपेपरवर त्यांनी लिहिलं, "सुनिलच्या लक्षात आलं." खरं तर माझ्या नावातला नी दीर्घ हवा. राहू दे.