सव्वासहाचं हवामान

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी नुसतं हो-हो करून ठेवून देते ही तुझी तक्रार मान्य, म्हणून हे सविस्तर लिहितेय. गिरणीचा पट्टा तुटल्याचं वाचलं. नवा टाक, जुन्याला टाके घालत बसू नकोस.

माझं म्हणशील तर तोंडचं पाणी पळालंय. आमच्या हवामान प्रकल्पाचं तुला सांगितलं होतंच. वीस गावांतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या फोनवर रोज सकाळी सहाला आमच्या कार्यालयातून संदेश जातो: पुढचे तीन दिवस पाऊस की ऊन, काढणी करा की थांबा. दुसऱ्या वीस गावांना मुद्दाम काहीच पाठवत नाही. दोन वर्षांनी दोन्हीकडचं नुकसान ताडून पाहायचं, आणि प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते माझ्या अहवालावरून ठरायचं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तुझं गाव संदेश नसलेल्यांत निघालं आणि नदीपलीकडचं तुझ्या नणंदेचं गाव संदेशवाल्यांत.

आता आकडे आलेत आणि फरक शून्य. तुमच्याकडे तर संदेशवाल्यांपेक्षाही कमी धान्य भिजलं. महिनाअखेर मला ‘उपयोग नाही’ असं लिहावं लागणार. पहाटे उठून ते संदेश तयार करणारे आमचे हवामानवाले गृहस्थ माझ्याशी धड बोलत नाहीत. माझा पहिला स्वतंत्र अहवाल, आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

तुम्ही गावकरी असं करता तरी काय, ते जमलं तर कळव. काकांना नमस्कार.

लोभ आहे तसाच राहू दे, पट्ट्यासारखा तुटायला नको.

तुझी,
पेन्सिल


९ मार्च

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

आधी वेळेवर जेवत जा. अहवाल काय, भरल्या पोटीही लिहिता येतो. पट्टा नवा टाकलाय, गिरणी झकास चालली आहे.

आम्ही काय करतो म्हणून विचारलंस. अगं, काही नाही, वन्सं सांगतात तसं करतो. सासूबाईंचं शिलाई मशीन कोणी ठेवायचं यावरून आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं, तुला ठाऊकच आहे. लग्नकार्यातसुद्धा आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसायचो. मागच्या वर्षी ऐन काढणीत त्यांचा फोन आला. परवा जोरदार पाऊस आहे, मका काढून घ्या, एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. मला वाटलं, उगाच कामाला लावताहेत, पण काकांनी बहिणीचं ऐकलं. आणि आला की गं पाऊस. मका वाचला एवढं सांगायला म्हणून मी फोन केला. तेव्हापासून रोज सकाळी सव्वासहाला त्यांचा फोन येतो. आधी हवामान, मग त्यांचे गुडघे, मग त्यांची सून.

त्या सांगतात ते मी गिरणीच्या फळ्यावर लिहिते, दळणाचे नंबर लिहितो तिथेच. आजूबाजूच्या तीन गावांचं दळण माझ्याकडे येतं, सगळे वाचून जातात. वन्संना तुमचाच संदेश येत असणार, हे तुझं पत्र वाचल्यावर डोक्यात आलं. मला आपलं वाटायचं, त्यांचे गुडघे सांगतात.

तुमची ती प्रश्न विचारणारी मुलगी येऊन गेली होती. गुणी पोर. एकेचाळीस प्रश्न विचारले. फोनवर हवामानाचा संदेश येतो का म्हणाली, मी नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू? वन्संबद्दल तिने काही विचारलंच नाही.

माया आहेच, पत्रं मात्र अशीच लांबलचक पाठव.

तुझी मावशी


१३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यालयात उघडलं आणि डोक्याला हात लावून बसले. तुम्ही नणंद-भावजयींनी मिळून माझ्या दोन वर्षांच्या कामाचं पीठ केलंत. ज्या गावाला हवामान कळत नाही असं धरून मी सगळं मांडलं, त्या गावाला ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत कळत होतं. मग फरक दिसणार कुठून? आता माझं काय होणार कोण जाणे.

दुसरं पान चहा घेऊन लिहितेय. चूक माझी आहे. संदेश येतो का हे विचारलं, हवामान कुठून कळतं हे विचारायचं सुचलंच नाही. साहेबांना तुझं पत्रच वाचायला दिलं. गुडघ्यांपाशी ते हसले, आणि म्हणाले की मुदत वाढवून देतो, संदेश नसलेल्या वीसही गावांत जाऊन एवढा एक प्रश्न विचारून या. तुमच्या गावाला दुसरं कोणीतरी येईल, नात्यातलं म्हणून बोट दाखवायला जागा नको. कोणाला काही पढवू नकोस. आणि फळा मुळीच बंद करू नकोस.

रागावले नाहीये, जीव आहे तुझ्यावर तेवढाच आहे.

तुझी,
पेन्सिल


१९ मार्च

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

चुकलं गं माझं. तुझ्या पत्राचं पहिलं पान वाचलं, तेवढ्यात दळण आलं आणि दुसरं तसंच राहिलं. तुझी नोकरी जाणार या भीतीने मी फळा पुसून टाकला. वन्संनाही सांगितलं की हवामान सांगू नका, पोरीच्या आकड्यांत घोळ होतोय. त्या म्हणाल्या की मग फोन तरी कशाला करू. दोन सकाळी फोन आला नाही. गिरणी धडधडत होती, तरी घर सुनं सुनं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आली. अर्ध्या गावाचे कांदे अंगणात पसरलेले, सगळे भिजले. फळ्यावर काही नाही म्हणजे पाऊस नाही, असं लोक धरून चालले होते. बायकांनी मला गिरणीत येऊन चांगलं सुनावलं. संध्याकाळी तुझं दुसरं पान वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. वन्संना मीच फोन केला. त्यांनी आधी माझी खरडपट्टी काढली, मग हवामान सांगितलं.

हेही लिहायचं तर लिही: फळा होता तेव्हा कांदे कोरडे, नव्हता तेव्हा ओले. तुमचा तो संदेश बंद होऊ देऊ नकोस बाई.

आशीर्वाद आहेतच, मावशीच्या वेंधळेपणाला माफी असावी.

तुझी मावशी


२४ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अहवाल गेला आणि मान्यही झाला. वीसपैकी अकरा गावांना हवामान कोणी ना कोणी सांगत होतं: कुठे जावई, कुठे बहीण, एका गावात तर दूधवाला. उरलेल्या नऊ गावांना कोणीच सांगत नव्हतं, आणि त्यांचं नुकसान जवळजवळ दुप्पट आहे. ती अकरा गावं मुळातच बऱ्या स्थितीतली असतील, ही साहेबांची शंकाही मी अहवालात लिहिली. तुमच्या कांद्यांना अर्धं पान दिलंय.

प्रकल्प आणखी तीन वर्षं चालणार. चाळीसही गावांना संदेश जाणार, आणि गिरणीत, दुकानात, जिथे चार माणसं थांबतात तिथे फळे लागणार. हवामानवाले गृहस्थ स्वतःहून मला चहा पाजून गेले. मावशी, मी घरी येऊन चक्क रडले, आनंदाने.

एक जूनपासून तुझ्या फोनवरही सहाला संदेश येईल. आता तुझ्या वन्संना रोज तसदी द्यायला नको.

अशीच माझ्या पाठीशी राहा.

तुझी,
पेन्सिल


८ जून

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

तुझ्या कार्यालयाला माझा नमस्कार सांग. आठ दिवस झाले, संदेश अगदी वेळेवर येतो.

पण तुझ्यापासून काय लपवायचं? सहाला फोन वाजतो, तो मी उघडत नाही. तसाच पालथा ठेवते आणि चहा टाकते. सव्वासहाला वन्संचा फोन येतो. त्या विचारतात की आज संदेश पाहिला का, आणि मी सांगते की चष्मा सापडत नाहीये, तुम्हीच वाचा. चष्मा माझ्या नाकावर असतो. मग त्या सावकाश वाचून दाखवतात, मी फळ्यासाठी लिहून घेते, आणि मग गुडघे, सून सगळं होतं.

काल म्हणाल्या की रोज चष्मा सापडत नाही म्हणजे डोळेच दाखवायला हवेत, रविवारी मी येते तुम्हाला न्यायला. येताना शिलाई मशीन आणू का, असंही विचारलं. मी म्हटलं, राहू दे तिकडेच, मीच येत जाईन शिवायला.

तेव्हा पुढच्या वेळी तुमची ती मुलगी आली आणि संदेश उघडता का म्हणून विचारलं, तर मी नाही म्हणणार. खोटं कशाला बोलू? तेवढं तुझ्या आकड्यांत सांभाळून घे.

लोभ आमच्या दोघींवरही असू दे.

तुझी मावशी