वर्गात दिलेली वाक्यं

३ सप्टेंबर

पोचले एकदाची! विमानातून उतरून तीन गाड्या बदलल्या, बॅगेचं एक चाक वाटेत निखळलं, पण पोचले. स्टेशनवर इथल्या भाषा-संस्थेच्या मुख्य बाई स्वतः आल्या होत्या. माझी बॅग त्यांनी उचलली ती शेवटपर्यंत मला हात लावू दिला नाही. त्यांचं मराठी इतकं सफाईदार की मीच दोनदा अडखळले.

राहायची खोली शाळेच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. लोखंडी खाट, खिडकीशी टेबल, एक किटली आणि चालू केला की म्हाताऱ्यासारखा खोकणारा हीटर. एवढी स्वतंत्र खोली मला जन्मात मिळाली नव्हती. आल्या आल्या दार लावून उगाचच एक गिरकी घेतली.

ही नोकरी ताईमुळे मिळाली. ताई म्हणजे माझी मामेबहीण. दोन वर्षं ती इथे मराठीची सहाय्यक होती, मे महिन्यात परतली. इकडचं पाणी तिला फारच मानवलं. अंग भरलं, रंग उजळला, चेहरासुद्धा बदलला म्हणून सगळ्यांनी तिची चेष्टा केली. मला म्हणाली, डोळे मिटून जा. आईचा मात्र विरोध होता. निघायच्या दिवसापर्यंत आमचं वाजत होतं. घरात मला रेडिओ म्हणतात. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आई म्हणाली, रेडिओ गेल्यावर मी घरात ऐकू काय? मी म्हटलं, शांतता ऐक. ती हसली नाही.

५ सप्टेंबर

काम म्हणजे नुसतं बोलायचं! व्याकरण बाई शिकवणार. मी पुस्तक कुठलं म्हणून विचारलं, तर पुस्तक नाहीच. पुस्तकातलं मराठी कोणी घरात बोलत नाही, आम्हाला तुझ्या घरातलं हवं, असं बाई म्हणाल्या. मी एक वाक्य म्हणायचं आणि वर्गाने ते जसंच्या तसं म्हणायचं, श्वास, खोकला, थांबणं सगळ्यासकट. एक गमतीदार नियमही आहे. वर्गात दिलेलं वाक्य मी बाहेर वापरायचं नाही. कागदावर तसं लिहिलंय आणि वर, सगळं साहित्य संस्थेचं राहील. कसलं साहित्य, माझ्या आईची बोलणी? हसत हसत सही ठोकली.

विद्यार्थी सहा, सगळे मोठे. त्यांना आमच्याकडे जाऊन राहायचंय म्हणे. मी आईचं वाक्य दिलं: चहा ठेवलाय, निवला तर माझ्या नावाने ओरडू नकोस. सहाही जणांनी ते तोंडात गोट्या ठेवल्यागत म्हटलं. हसून हसून पोट दुखलं.

१४ सप्टेंबर

वर्गात माझ्याच वयाची एक मुलगी आहे. रोज हिरवा स्वेटर घालते, म्हणून मी तिला हिरवी म्हणते. फार हुशार. मी बोलताना जीभ टाळ्याला लावून ‘च्’ करते हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. तिने दुसऱ्याच दिवशी उचललं. आता माझ्याबरोबर बाजारात येते, माझी पिशवी धरते आणि घरचं विचारत राहते. मला इतकी आठवण येते घराची की कोणी नुसतं विचारलं तरी मी सुरू होते. आज तिला सांगितलं की आईशी भांडण झालं की मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकते आणि विचारते, रुसवा सुटला का गं? ती नाही म्हणते आणि हसते. हिरवीने ते वहीत लिहून घेतलं.

बाई माझे फार लाड करतात. कोटाचं बटण लावून दिलं. कपडेसुद्धा तळघरातल्या धुण्याच्या खोलीत स्वतःच नेऊन टाकतात, मला जिना उतरू देत नाहीत. उद्या आईला फोन करायलाच हवा. मागच्या आठवड्यात राहूनच गेला.

२८ सप्टेंबर

आज केला फोन. आईकडे तो जुना बटणांचा फोन आहे, त्यामुळे तोंड दिसत नाही, नुसता आवाज. हीटर खोकतो ते सांगायला लागले तर म्हणाली, अगं, काल सांगितलंस की. मी काल फोन केला नव्हता. वयामुळे घोळ होत असेल. आवाज मात्र खूश होता तिचा.

फोन ठेवता ठेवता तिला ते चहाचं वाक्य ऐकवून चिडवणार होते, पण आठवेचना. आत्ताही वरचं पान उलटून वाचलं तेव्हा कळलं. वाचता येतंय. म्हणायला गेलं की तोंड कोरडं पडतं.

१९ ऑक्टोबर

वर्ग पुढे गेलाय. आज मी फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि मागून माझाच आवाज आला. मीच बोलतेय असं क्षणभर वाटलं. वळून पाहिलं, तर हिरवी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, शिक्षिकेला अभिमान वाटायला हवा म्हणून.

खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. वाक्यं जाताहेत माझी. दिलेलं प्रत्येक वाक्य. बाईंना सांगितलं. त्यांनी गरम दूध दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, थकवा आहे. त्या हाताने इतकं बरं वाटलं की मला रडू आलं.

२ नोव्हेंबर

आज बाईंनी वर्गात विचारलं, घरात शिरताना, जी वाट बघत असते तिला हाक कशी मारतेस. मी दाराशी जाऊन, चपला काढल्यासारखं करून, हाक मारून दाखवली. सहा वेळा. त्यांनी सहा वेळा मारली.

संध्याकाळपासून ती हाक माझ्याकडे नाही. ते दोन अक्षरी साधं नाव. तिचा चेहरा समोर आहे, तिला काय म्हणायचं ते नाही. मागच्या पानांवर बघून उतरवून काढायला गेले तर पेन थांबतं. माझी —

९ नोव्हेंबर

झालं तसं नीट लिहिते.

सकाळी जिना चढत होते. बाईंच्या ऑफिसातून मी बोलत होते. मी. दार किलकिलं होतं. हिरवी खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली होती, मी बसते तशी, कानाला फोन. रुसवा सुटला का गं, विचारत होती. पलीकडून हसणं ऐकू आलं. ते हसणं मी कुठेही ओळखेन. बाई शेजारी वही धरून बसल्या होत्या. कुठे थांबायचं ते बोटाने दाखवत होत्या.

मी आत घुसून फोन हिसकावला. तोवर बंद झाला होता. बाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ही तोंडी परीक्षा, रोज सकाळी असते, सप्टेंबरपासून. मुलगी पहिल्या नंबराने पास होतेय. मग माझ्या सहीचा तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी त्यांना काय काय बोलणार होते! चांगल्या सणसणीत शिव्या येतात मला. येत होत्या. त्याही मी वर्गात दिल्यात, हसत हसत, एका शुक्रवारी.

बटण लावून देणारी हीच बाई.

१० नोव्हेंबर

ताईला फोन केला. तोडक्यामोडक्या शब्दांत विचारलं, तुझ्याशीही असंच केलं का गं यांनी? गोड आवाजात म्हणाली, डोळे मिटून जा. मी म्हटलं, मी आलेय इथे, इथूनच बोलतेय. परत तेच म्हणाली, त्याच ठेक्यात.

मग मी विचारलं, लहानपणी आपण दोघी शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या टाकीत पडलो, तेव्हा बाहेर कोणी काढलं? आम्ही हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग शांतपणे म्हणाली, हे तिने वर्गात दिलं नव्हतं.

तिने.

माझ्या मामीच्या घरात बसलीय ती. मला इथे पाठवणारी ताई नव्हतीच.

११ नोव्हेंबर

तळघरात गेले. बाई वर्गात होत्या.

वाफेने भरलेली खोली. एक बाई चादरींना इस्त्री करत होती. वाळलेली, केस पांढरे. मनगटावर टाकीच्या कडेने कापल्याचा व्रण. मीच तेव्हा चिंधी बांधली होती तिथे.

मी तिला हलवलं. ताई म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, खूप प्रयत्न केला. काही नाही आत. एकही शब्द नाही. तिने माझ्या हातातला कोट घेतला, सुरकुती दिसली, इस्त्री फिरवू लागली.

१५ नोव्हेंबर

पासपोर्ट टेबलाच्या खणात नाही. बॅग नाही. कोट नाही. माझा फोन नाही. हिरवी वर्गात नाही. बाकीचे पाच जण वह्या उघडून बसलेत. बाई म्हणाल्या, ती परवा पोचेल, घरची ओढ लागली होती तिला.

मी विचारलं, चेहरा? तोंड बघून कळणार नाही होय? म्हणाल्या, इकडचं पाणी मानवलं म्हणतील.

आम्हीच म्हटलं होतं. हसून.

१६ नोव्हेंबर

ऑफिसात कोणी नव्हतं. फोन लागला. तिने उचलला. माझी — तिने.

माझ्याकडे थोडेच शब्द होते. गोट्या तोंडात ठेवल्यागत बोलले. मी. मी खरी. उद्या येईल ती मी नाही. दार उघडू नको. दोनदा, तीनदा सांगितलं. आता किंचाळेल, घाबरेल, शेजाऱ्यांना बोलावेल असं वाटलं.

ती शांत होती. म्हणाली, माहीत आहे मला. पहिल्या आठवड्यातच कळलं. पोटच्या पोरीचा आवाज कळणार नाही का मला?

मग सांगत राहिली. ती मुलगी रोज फोन करते. न चुकता, सकाळी आठला. जेवलीस का विचारते, ऐकून घेते. तू केलास कधी? पंधरा दिवसांनी एकदा, तोही घाईत. घर खायला उठतं गं मला. मामीलासुद्धा ताईचं कळलंय, पण ती काही बोलत नाही, घरात माणूस आहे ना.

मी नुसतं मी, मी करत होते.

म्हणाली, खोली झाडून ठेवलीय, नवी चादर घातलीय. आता परत फोन करू नकोस. तिच्यासमोर वाजला तर तिला वाईट वाटेल.

मग रडली थोडी. आणि ठेवला तिनेच.

१७ नोव्हेंबर

आज आठ वाजता ती पोचली असेल. चपला काढून हाक मारली असेल. माझी हाक.

शब्द कमी — पेनातून येतात अजून, तोंडात नाहीत. तेही —

बाई दारात उभ्या आहेत. ही वही हवीय. हेही साहित्य आहे म्हणतात. पाच जण राहिलेत, त्यांना पुरेल. दरडावत नाहीत. हात पुढे करून उभ्या, हातात दुधाचा पेला.

एकच गोष्ट कोणाला दिली नाही मी. वर्गात नाही, हिरवीला नाही, या वहीत नाही. निघताना, एवढं भांडण झाल्यावर, दारात माझा कान धरून जवळ ओढून ती जे म्हणाली ते. ते नीट आहे अजून. पूर्ण आहे. तिच्या आवाजात आहे. तेवढं राखलं तर मी —

कोणासाठी राखू? तिला नकोय ते. तिला नकोय मी.

घ्या. न्या. लिहून देते. ती म्हणाली होती, जा, पण लक्षात ठेव, तुझ्याशिवाय मला —