खडूसचा पत्ता

४ मार्च

खडूसचा अभिप्राय आला! कुण्या बिचाऱ्याच्या पेपरची पार चिरफाड केली आहे, पण किती मायेनं! ‘दुसऱ्या तक्त्यातल्या गोगलगायी नीट मोजलेल्या दिसत नाहीत. लेखकाला घाई झाली असावी. गोगलगायींना नव्हती.’ एकटीच हसत बसले.

हा चहा घेऊन आला. म्हणे, ‘‘आला वाटतं तुझा खडूस. चेहरा बघ कसा फुललाय!’’ नवऱ्यानं बायकोला परपुरुषावरून चिडवायचं आणि वर बिस्किटंही द्यायची – असं आमच्याकडेच चालतं.

पण खरंच, इतकी वर्षं एक पैसा न घेता हा माणूस आमच्याकडे छापायला आलेले संशोधनाचे पेपर तपासतोय. कधी भेट नाही, फोन नाही, नुसत्या मेल. गोगलगायींवरचं आमचं जर्नल वर्षातून चारदा निघायला हवं. निघतं विषयाला शोभेल अशा चालीनं. तरी त्याला थोडीफार पत आहे, ती खडूससारख्या परीक्षकांमुळे.

ठरवलं. त्यांना संपादक मंडळावर घ्यायचं. आणि त्यांना आधी कळू द्यायचं नाही! त्यांच्या संस्थेलाच पत्र टाकते. संचालकांनी सगळ्यांदेखत सांगावं, म्हणजे जरा थाटात होईल.

११ मार्च

संस्थेचं उत्तर – ‘या नावाची व्यक्ती आमच्याकडे नाही.’ काहीतरी घोळ आहे. पुन्हा लिहिलं.

१३ मार्च

शेवटी फोनच केला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, ‘‘असे कोणी नाहीत हो. पूर्वीही नव्हते. हजेरी माझ्याकडेच असते, मला ठाऊक असतं ना!’’

खडूस नाहीत. निवृत्त झाले नाहीत, बदलून गेले नाहीत. नाहीतच.

फोन ठेवून खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

१४ मार्च

जुना पत्रव्यवहार उपसला. गोगलगायींवर काम करणारी माणसं मोजकीच, म्हणून आम्ही लेखकालाच विचारतो – तुमचा पेपर कोण तपासू शकेल? नावं सुचवा. खडूसचं नाव सुचवलं होतं एका लहानशा कॉलेजातल्या प्राध्यापकांनी. स्वतःच्याच पेपरसाठी! आम्हाला परीक्षक आवडला, मग इतरांचेही पेपर त्यांच्याकडे जाऊ लागले.

प्राध्यापकांचे आमच्याकडे तीन पेपर छापून आले. तिन्ही खडूसनं तपासलेले. आणि पेपर आला तो संगणक, अभिप्राय आला तो संगणक – एकच.

सोप्या शब्दांत सांगायचं तर मला मामा बनवलं!

१५ मार्च

मंडळाचे अध्यक्ष फोनवर कडाडले. ‘‘स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच पास करायचा? कायमची बंदी घाला. कॉलेजला पत्र लिहा. नोकरी गेली तर गेली!’’

मी म्हटलं, ‘‘आधी लेखकाला विचारायचं, असा नियम आहे.’’

‘‘विचारा. पण माझं मत झालंय.’’

माझंही होत आलंय. फक्त एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. तिसरा पेपर खडूसनं दोनदा परत पाठवायला लावला होता. स्वतःचा पेपर पास करून घेणारा माणूस स्वतःलाच इतका कशाला सोलून काढेल?

खुलासा मागणारी मेल लिहिली. ‘फसवणूक’ शब्द खोडला, ‘आम्हाला काही प्रश्न आहेत’ असं केलं. गुन्हा ठरायच्या आधी शिक्षेची भाषा नको.

२२ मार्च

उत्तर नाही. चिडचिड, चिडचिड. आज भाजी करपली, त्याचंही खापर प्राध्यापकांवर फोडलं.

हा आता चिडवत नाही. हळूच म्हणाला, ‘‘राग फसवल्याचा आलाय, की माणूस गेल्याचा?’’

दोन्हीचा. मला खडूसची आठवण येते. जो कधी नव्हताच, त्याची. वेडेपणा आहे, पण आहे.

२६ मार्च

प्राध्यापकांचा फोन! आवाज अगदी खोल गेलेला.

‘‘नाव खोटं आहे मॅडम. माणूस खोटा नाही.’’

‘‘मग कोण?’’

‘‘माझी बायको.’’

दोघं एकाच वर्गात शिकले. ‘‘ती पहिली, मी दुसरा. अंतर बरंच होतं,’’ म्हणाले. मग लग्न, मुलं, प्राध्यापकांच्या बदल्या. ह्यांना नोकरी लागली आणि तिची राहून गेली. ‘‘संस्थेचं नाव पाठीशी नसलं की कुणी विचारत नाही हो. तुमच्याच साइटवर बघा, संस्थेचा रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाताच येत नाही. मग मी एक नाव बनवलं, संस्था दुसऱ्याची घातली. पुढे इतरांचे पेपर यायला लागले. ते बघून ती इतकी खूश झाली, की तुम्हाला खरं सांगायला जीभ रेटेना.’’

‘‘आणि तुमचे पेपर? नवऱ्याचे पेपर बायकोनं तपासायचे?’’

‘‘चूकच आहे. पण नवरा म्हणून तिनं एक शब्द सोडलेला नाही.’’

ते मी वाचलंय! मी विचारलं, ‘‘त्यांच्याशी बोलू शकते का?’’

मग म्हणाले, ‘‘ती फोनवर नाही बोलत.’’

बुजरी असेल. खडूस बाई आहेत! आणि मी मूर्खासारखी इतकी वर्षं ‘आदरणीय महोदय’ लिहितेय!

२८ मार्च

मंडळाची बैठक. बोलून बोलून घसा बसला.

मी म्हटलं, खोटं नाव म्हणजे खोटंच, त्यात गोडगोड काही नाही. तिन्ही पेपर मागे घ्यायचे आणि का घेतले ते जाहीर छापायचं. खडूसनं तपासलेले इतरांचे पेपर पुन्हा तपासून घ्यायचे. प्राध्यापकांनी दोन वर्षं आमच्याकडे काही पाठवायचं नाही. पण कायमची बंदी आणि कॉलेजला पत्र नको. कारण लिहिणारा एक, तपासणारी दुसरी. माणसं दोन आहेत.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘‘स्वतःच तपासले असते तर मी सोडलं नसतं, हे लक्षात ठेवा. दोन माणसं आहेत, याची हमी तुम्ही घेता?’’

‘‘घेते.’’

घरी येताना पाय हलके वाटत होते.

९ एप्रिल

निवेदन लिहायला सगळी सकाळ गेली. खरं सगळं यायला हवं, पण वाचणाऱ्याला चघळायला काही मिळता कामा नये. ‘लेखांतील निरीक्षणे खोटी आहेत, असे आमचे म्हणणे नाही’ हे वाक्य तीनदा काढलं, तीनदा घातलं. राहिलं.

ह्याला वाचून दाखवलं. म्हणाला, ‘‘ते ‘दुर्दैवाने’ काढ. निवेदनात उसासे कशाला?’’ काढलं. बरं झालं, हा कधी परीक्षक झाला नाही.

छापण्याआधी प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचं दोनच शब्दांचं उत्तर – ‘बरोबर आहे.’

२४ एप्रिल

इतरांच्या पेपरांवरचे नवे अभिप्राय यायला लागलेत. खडूसनं दाखवलेल्या त्याच चुका! एका मोठ्या नावाच्या परीक्षकानं पानभर लिहून जे म्हटलंय, ते खडूसनं दीड ओळीत म्हटलं होतं. उगाचच अभिमान वाटला. माझा काय संबंध?

२ मे

जिंकले! यापुढे संस्थेचा रकाना रिकामा चालेल. ‘‘उद्या कुणीही उठेल आणि परीक्षक होईल,’’ अध्यक्ष कुरकुरले. मी म्हटलं, ‘‘उठू दे की. काम बघून ठरवू.’’

दुसऱ्या मुद्द्यावर जास्त वाजलं. खोट्या नावानं तपासणाऱ्या बाईलाच आमंत्रण? शेवटी तडजोड – वर्षभर जादा परीक्षक म्हणून. मत त्यांचं, निर्णय आमचा. चालेल!

प्राध्यापकांकडून बाईंचं नाव मागवलं. त्यांनी फक्त नाव पाठवलं, पुढेमागे काही नाही. छान नाव आहे. आमंत्रण मेलवर न धाडता हातानं लिहिलं, आणि पाकिटावर भलंमोठं त्यांचं नाव. ‘इतकी वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत. आता तुमच्या स्वतःच्या नावानं लिहा. उत्तरही तुमच्याच सहीचं हवं.’

पत्र टाकून आले तेव्हा हा म्हणाला, ‘‘आता खडूस बाईच निघाली म्हटल्यावर मी चिडवू कशावरून?’’

११ मे

प्राध्यापक स्वतःच आले. खुर्चीच्या कडेवर बसले. माझं पाकीट टेबलावर ठेवलं, नावाची बाजू वर.

‘‘ती जाऊन बरीच वर्षं झाली. पहिला पेपर तिनं तपासला. पुढचे दोन माझे मी. इतरांचेही मीच. ती काय म्हणाली असती, ते लिहीत गेलो. लिहिताना घरात आवाज असल्यासारखं वाटायचं.’’

मी घेतलेली हमी आठवली. म्हटलं, ‘‘हे मला अध्यक्षांना सांगावं लागेल.’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘तुमची नोकरी जाईल हो! नुसतं ‘जमणार नाही’ एवढं लिहून पाठवलं असतंत, तर कुणाला कळलं असतं?’’

‘‘तेच लिहायला बसलो होतो मॅडम. एवढे अभिप्राय लिहिले, कधी काही वाटलं नाही. पण खाली तिची सही करायची वेळ आली आणि हात चालेना.’’