टीव्हीतला पांढरा

बाबा,

परवा नवा टीव्ही घेतला. भिंतीवर टांगायचा, चपटा. तुम्ही पाहिला असता तर आधी त्याच्या मागे डोकावून बाकीचा टीव्ही कुठे गेला ते विचारलं असतं. जुना काही बिघडला नव्हता, पण तुमच्या नातवाच्या मते हॉलच्या एवढ्या मोठ्या भिंतीवर तो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसत होता. पोरगा विजय नगरात एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. शनिवारी दुपारी राजेंद्र नगरहून मला गाडीवर मागे बसवून तिकडच्या एका शोरूममध्ये घेऊन गेला. आत एका भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही, सगळ्यांवर एकच पोपट, आणि प्रत्येक पोपट वेगळ्या हिरव्याचा. एक कच्च्या कैरीचा, एक मेथीचा, आणि एक तर असा की तसा पोपट अजून जन्माला यायचाय. लोक माना डोलावून बघत होते. मला मात्र तुमची एवढी आठवण आली की मी तिथल्या खुर्चीवर बसूनच घेतलं.

विकणारा माणूस बोलायला चांगला होता. प्रत्येक टीव्हीचे गुण एका दमात सांगत होता. मी म्हटलं, पोपट काढा आणि काहीतरी पांढरं लावा. तो गोंधळला. म्हणाला, "मैडमजी, व्हाइट में क्या देखोगे, कलर देखो ना." मग मी पर्समधून तुमचा लट्ठ्याचा, जाड सुती कापडाचा पांढरा तुकडा काढला. पोरगा दुसरीकडे बघायला लागला, जसं मी तुमच्याबरोबर दुकानात गेले की बघायचे.

तो तुकडा म्हणजे मिलच्या रंगखात्यातला पांढऱ्याचा नमुना. हाताच्या पंजाएवढा, सदऱ्याच्या खिशात कायम घडी करून ठेवलेला. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांच्या खिशात असा एक तुकडा असतो. तुमचं काम मी एकदाच पाहिलं, डबा द्यायला आले होते तेव्हा. रंगून आलेल्या ताक्यातला थोडा कपडा तुम्ही चार पदरी घडी घालून उत्तरेच्या, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत नेता, नमुन्याशेजारी ठेवता, एकदाच बघता, आणि 'पास' किंवा 'परत' एवढं बोलता. दुसऱ्यांदा बघायचं नाही, कारण दुसऱ्यांदा डोळा सवयीने हो म्हणतो, असं तुम्ही मला सांगितलं. ट्यूबलाइटखाली तर कपड्याकडे बघायचंसुद्धा नाही. खिडकीजवळ रंगखात्याचे मास्टर उभे होते, तुमच्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचे, आणि तुम्ही काय म्हणता याची वाट बघत होते. मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

अभिमान बाहेरच्यांसमोर. घरात मात्र तुमच्या नजरेचा जाच होता. आमच्या क्वार्टरच्या रांगेतल्या बायका ब्लाउजपीस जुळवायला तुमच्याकडे यायच्या, आणि मला माझ्या ड्रेसचा रंग ठरवायची मुभा नव्हती. मॅट्रिक झाले त्या वर्षी मी हौसेने गुलाबी कापड आणलं, तुम्ही ते खिडकीत नेलंत आणि 'परत' म्हणालात. मी रडले. दोन दिवसांनी तुम्ही स्वतः जाऊन दुसरं गुलाबी आणलंत. ते घालून कॉलेजात गेले तर सगळ्या मैत्रिणींनी रंग कुठे मिळाला म्हणून विचारलं. त्याचाच मला जास्त राग आला. रंगावर आपल्या घरात शेवटचा शब्द तुमचाच, आणि वर तो बरोबरही निघायचा.

पहिला रंगीत टीव्ही आठवतो ना? मिल बंद पडायच्या आदल्या वर्षीचा. दुकानदाराला तुम्ही तीन टीव्ही उचलून दारापाशी उजेडात आणायला लावलेत. मग दुपारच्या बातम्या सुरू होईपर्यंत आपण तिघं बाकावर बसून राहिलो, कारण बातम्या देणाऱ्याचा सदरा पांढरा असेल अशी तुमची खात्री होती. तो खरंच पांढऱ्या सदऱ्यात आला. तुम्ही काचेशेजारी तुकडा धरलात, एकदा बघितलंत, आणि मधल्या टीव्हीला 'पास' म्हणालात. आईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. लोकांना पांढरा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पांढराच सगळ्यात अवघड, हे तुम्ही रस्ताभर समजावत होतात. नुसता धुतलेला कपडा पिवळाच दिसतो, त्याला निळीचा हात लागला की डोळ्याला पांढरा वाटतो, आणि तो हात किती लागू द्यायचा यात सगळं आलं. वैशाख पौर्णिमेला विहारात जायचे पांढरे कपडे आदल्या दिवशी तुम्हीच निळीतून काढायचात. आईला बादलीला बोटसुद्धा लावू द्यायचा नाहीत.

मिल काही एका दिवसात बंद झाली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एके सकाळी भोंगाच झाला नाही आणि क्वार्टरची अख्खी रांग उशिरा उठली. तुम्ही तरी सदरा घालून, खिशात तुकडा ठेवून, गेटवर जाऊन यायचात. इकडे शहरात गच्च्यांवरून केबलच्या तारा जायला लागल्या होत्या, दुकानांत रोज नवीन माल येत होता, आणि तुम्ही घरी बसून टीव्हीकडे बघत होतात. कार्यक्रमाकडे नाही, रंगाकडे. पांढरा पिवळा पडलाय, असं म्हणायला लागलात. आम्हाला तर ठीक दिसत होता. शेवटी मेकॅनिकला बोलावलंत आणि टीव्हीच्या मागचा निळ्याचा स्क्रू फिरवायला लावलात. तो म्हणाला, अंकल, सगळं निळं होईल. तुम्ही म्हणालात, तू फिरव. महिन्याभराने पुन्हा बोलावलंत. मग आमच्या टीव्हीतल्या सगळ्या नट्या थंडीने गारठल्यासारख्या दिसायला लागल्या.

आणि मग ती पौर्णिमा आली. दोरीवरून काढून आईने साडी नेसली तेव्हाच मला दिसलं होतं, पण तुमच्या नीळ घातलेल्या कपड्याला नाव कोण ठेवणार? आई तर तुमच्या शब्दावर आंधळी. विहारात पांढऱ्या साड्यांच्या रांगेत आई एकटी आकाशी. एक बाई हसत म्हणाल्या, रंगाची शेड जुळवणाऱ्यांच्या घरी आजकाल पांढरा असा असतो का? आईने हसून पदर सारखा केला. तुम्ही तिच्याकडे बघत होतात, अगदी समाधानाने. तुम्हाला ती पांढरी दिसत होती. मला शरमेने तिथून पळून जावंसं वाटलं. तुम्हाला काहीतरी होतंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, हा तुमचा हट्ट आहे.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी मास्टर आपल्याकडे आले. पीथमपूरच्या बाजूला कपडा रंगवायचा एक नवा कारखाना सुरू होत होता, तिथे ते लागले होते. तुम्ही किती दिवसांनी मोठ्याने हसत होतात. आई चहा करत होती, मी कप पुसत होते. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ट्यूबलाइट लागलेली होती आणि टीव्ही चालू होता. मास्टरांनी टीव्हीकडे बघून विचारलं, याला काही झालंय का? तुम्ही म्हणालात, नाही, आत्ताच तर बरोबर करून घेतलाय. आणि मी ट्रे हातात धरून म्हटलं, "बाबा, तुम्हाला आता रंग दिसत नाहीत. आईची साडी निळी केलीत, टीव्ही निळा केलात, आणि वर सगळ्यांना चुकीचं ठरवताय."

मास्टरांनी टीव्हीकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, मग बशीत चहा ओतून सावकाश प्यायले. उठताना आईला एवढंच म्हणाले, "चाय बढ़िया थी भाभीजी. चलो, फिर मिलते हैं." ते पुन्हा आले नाहीत. तुम्ही दार लावलंत, टीव्हीपाशी गेलात आणि रंगाचं बटण शून्यावर नेलंत. तेव्हापासून आपला रंगीत टीव्ही तुम्ही घरात असेपर्यंत ब्लॅक अँड व्हाइट चालायचा. तुम्ही बाहेर गेलात की आई आणि मी रंग वाढवायचो, आणि तुमच्या सायकलचा आवाज आला की पुन्हा शून्यावर. रंग काढला तरी निळसर झाक राहायचीच, कारण तो स्क्रू पुन्हा कुणी फिरवला नाही.

पुढे तुम्ही कपडा बाजारात एका पेढीवर ताके मोजायला लागलात. मोजायला, बघायला नाही. मी बी.एड. करून शाळेत लागले. पाच-सहा वर्षांनी तुम्ही जिन्यात अडखळायला लागलात तेव्हा मी तुम्हाला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून सांगितलं, मोतीबिंदू जुना आहे, आतली भिंगं चहासारखी पिवळी झालीत, यांना निळा रंग कित्येक वर्षांत नीट दिसला नसेल. मी तुमच्या शेजारीच उभी होते. डॉक्टरांकडे बघत राहिले, तुमच्याकडे बघायचा धीर झाला नाही. साध्या ऑपरेशनची गोष्ट होती, बाबा. त्या रविवारी बोलायच्या ऐवजी तुम्हाला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं, तर तुम्ही परत खिडकीत उभे राहिला असता.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काळा चष्मा उतरला त्या सकाळी तुम्ही आईकडे ती साडी मागितलीत. चार पदरी घडी घातलीत, खिडकीत नेलीत, शेजारी तुकडा ठेवलात. एकदाच बघितलंत. "परत," म्हणालात, आणि हसलात. मग मला जवळ बोलावलंत. तुमचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. "तू बोललीस ते बरोबर होतं, बेटा. पण रंगाची गोष्ट ट्यूबलाइटखाली चारचौघांत नाही सांगायची. मला खिडकीत घेऊन यायचं होतं." एवढंच. आयुष्यात तुम्ही मला खरं रागावलात ते एकदाच, आणि तेही एवढ्या हळू आवाजात. मी म्हटलं, "मला कुठे ठाऊक होतं, मास्टर कशासाठी आले होते." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, हो ना, तुला कुठून ठाऊक असणार. त्याच थंडीत तुम्ही गेलात. रंगाचं बटण तुम्ही परवानगी दिल्यासारखं अर्ध्यावर आणून ठेवलं होतं.

तर शोरूम. पांढरा पडदा लावून घेतला, एकेका टीव्हीजवळ तुकडा धरला आणि एकदाच बघायचं ठरवलं. पण जमेना. सगळेच टीव्ही पिवळे वाटत होते, आणि तुकडाही. तीस वर्षांत लट्ठा पिवळा पडला असेल, म्हटलं. शेवटी कोपऱ्यातल्या एकाला पास केलं. विकणारा हसला, "मैडमजी, ये तो ब्लू मार रहा है." चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझा मुलगा त्यांच्यादेखत विकणाऱ्याला एवढंच म्हणाला, "भिया, आईला जो पसंद आहे, तोच पॅक करा."

बाहेर आलो. गाडीपाशी लख्ख ऊन होतं. त्याने मला हेल्मेट दिलं, मग थांबला आणि हळूच म्हणाला, "आई, एकदा डोळे चेक करवून घेऊ ना. मोतियाबिंद असेल बहुतेक. टेन्शनची गोष्ट नाही, मी सुट्टी घेतो." मला रस्त्यातच रडू फुटलं. तो घाबरला, त्याला वाटलं मी ऑपरेशनला भ्याले. तुम्हाला त्याने पाहिलेलं नाही. खिडकीची गोष्ट मी त्याला कधी सांगितलेली नाही, कारण ती सांगायची तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग त्याला कळलं कसं, कुठे बोलायचं आणि कुठे नाही? तुमचंच असणार ते. माझं नक्कीच नाही.

मोतीबिंदूच निघाला. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर त्याने टीव्ही माझ्या डोळ्यांना पांढरा दिसेल असा लावून ठेवलाय आणि स्वतः रोज निळे चेहरे बघत जेवतो. मी रंगाचं बटण शोधलं, त्याच्यासाठी शून्यावर न्यावं म्हणून. या टीव्हीला बटणंच नाहीत.

आज तो ऑफिसात आहे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. फ्लॅट घेताना मी तेवढंच बघितलं होतं. दुपारी, लाइट न लावता, तिथे बसून हे लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाहीये. चार पदरी घडी घालून तुमच्या तुकड्यात गुंडाळून ठेवीन. पण एक गोष्ट मी तुम्हाला त्या सकाळी खिडकीत खोटी सांगितली, आणि तुम्ही ती एकदाच बघून पास केलीत. त्या रविवारी मी कप पुसत असताना आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "मास्टर बाबांना कामावर न्यायला आलेत. जरा नीट बोल आज."

मला ठाऊक होतं, बाबा.