डावा डोळा मिटून

४ मार्च

दिवसभर एकच घड्याळ. जुनं, बायकी, नखाएवढं. उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला — हात शिकले तेव्हापासूनची सवय. केसासारखी स्प्रिंग बसली एकदाची!

दुकान बंद करून घरी आलो तर ही सुई-दोरा घेऊन दारातच. "एवढीएवढीशी चाकं दिसतात तुम्हाला, सुईचं भोक म्हणजे तर दरवाजाच!" ओवून दिला. हल्ली रोजचंच झालंय. या वयात लाडात आलीय बाई.

९ मार्च

चष्मेवाल्याकडे जाऊन आलो, दरवर्षीप्रमाणे. मशीनला डोळे लावले की झालं, अक्षरंही वाचायला लावत नाही तो. "नंबर फारसा हललेला नाही, काका." म्हणजे डोळे ठणठणीत. साखर आम्हा दोघांनाही आहे, पण गोळ्या चुकवत नाही.

१५ मार्च

उजव्या डोळ्यात कचरा गेला — ब्रशचा केस असावा. तो डोळा दाबून धरला आणि डाव्यानं समोर पाहिलं. भिंतीवर घड्याळं होती, काटे नव्हते. जिकडे बघावं तिकडे मधोमध मळकट डाग. डोळा चोळला, चष्मा पुसला. डाग तिथंच.

हिला काही बोललो नाही.

१६ मार्च

पुन्हा पाहिलं. तसंच.

१८ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, मग डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत पाहिलं. "साखरेनं मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

मी ताठ्यात सांगितलं, दरवर्षी तपासून घेतो! "कुठं?" चष्म्याच्या दुकानात. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथं नंबर काढतात. पडदा कुणी पाहिलाच नाही तुमचा."

झाकण न उघडता नुसती काच पुसून घड्याळ परत देणाऱ्याला मी काय काय बोललो असतो!

डाव्याची गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही. दिवसभर मिटलेला, त्यामुळे कधी गेली तेही कळलं नाही. उजव्यातही सुरुवात आहे. लेसर केलं तर तो टिकेल, म्हणाल्या. तोही गेला तर मी काय करणार? दुसरं काही येत नाही मला. भीती वाटते.

२ एप्रिल

उजव्याचं लेसर होऊन आठवडा झाला. आज भिंग लावलं. चाकाचे दाते दिसले, एकेक सुटा. गिऱ्हाईक समोर उभं असताना रडू आलं.

५ एप्रिल

हिला म्हटलं, आता तूही चल.

"मला काय झालंय? सगळं दिसतं मला."

मलाही दिसतच होतं, म्हटलं. तिनं तोंड फिरवलं. "आधी तुमचं निस्तरू दे." आवाज चढले दोघांचेही.

११ एप्रिल

नेलीच. थेंब घालून बाकावर बसली होती, डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून.

दोन्ही डोळ्यांत आहे. माझ्याहून पुढे गेलेलं.

परतताना वाटेत म्हणाली, "वर्ष झालं असेल, सुईच दिसत नव्हती. तुम्ही हसत ओवून द्यायचात. बरं वाटायचं. मग बोललेच नाही."