रस्ता मी सांगत होते

९ नोव्हेंबर, रविवार. क्राइस्टचर्च

रस्ता बघायचा फोन माझ्याकडे आला. ह्यांना चालत्या गाडीत मान खाली घातली की मळमळतं, पद्माला बारीक अक्षर दिसत नाही आणि तिचे यजमान, ह्यांचे शाळेतले दोस्त व्यंकटेश भावजी, स्टिअरिंग सोडणार नाहीत. उरले मी. म्हणून मी पुढं भावजींच्या शेजारी, हे आणि पद्मा मागं. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळलाय. फोन सांभाळता येईल की.

न्यूझीलंडातही गाडी डावीकडूनच, त्यामुळं भावजी खूश. "वहिनी, अक्कलकोट रोडवर सायकली आन् टमटम चुकवत तीस वर्षं कारखान्याला गेलोय. हितं तर चिटपाखरू न्हाय."

शेंगाचटणीच्या पुड्या विमानतळावर उघडून दाखवाव्या लागल्या. सोडल्या.

१० नोव्हें., सोमवार. टेकापो

सव्वादोनशे कि.मी. फोनमधली बाई इंग्रजीत बोलते, गावांची नावं तिलाच धड येत नाहीत. ती म्हणाली डावीकडे, की भावजी मला विचारणार, "वहिनी, खरंच का?" मी हो म्हटलं की मगच वळणार. म्हणजे सांगायचं दोघींनी, चुकलं तर ऐकायचं एकीनं.

तळं निळं. इतकं निळं की लिहायला शब्द नाही. काठाला जांभळ्या फुलांचे तुरे. आणखी दहा मिनिटं थांबू या म्हटलं तर भावजी घड्याळ दाखवायला लागले. हे लगेच उठून गाडीकडे. माझ्याकडे बघितलंही नाही.

११ नोव्हें., मंगळ. वानाका

गोल चौकात चुकलं. बाई म्हणाली दुसरा फाटा. मी म्हटलं दुसरा. भावजी पहिल्यातच शिरले आणि वर माझ्यावरच ओरडले, "नीट बोट दाखवून सांगा की!" चार कि.मी. पुढं जाऊन वळावं लागलं.

मागून हे : "जाऊ दे रे व्यंक्या, चुकतं." कुणाचं चुकलं ते बोलले नाहीत.

मग भावजी गोडीत : "वहिनींचा हात सुईवर बसलेला. नकाशाचं काम येगळं." हे हसले. मीही हसले. हसले होते हे लिहून ठेवते.

हॉटेलवर आल्यावर ह्यांना म्हटलं, उद्या तुम्ही बसा पुढं. "अगं, मळमळतं ना मला." पिशवी घेऊन बसा म्हटलं.

१२ नोव्हें., बुध.

सगळं क्रमानं लिहिते. उद्या मलाच कुणी वेगळं सांगायला नको.

नदीकाठी एका शेतावरच्या घरात आजचा मुक्काम होता. फोनवर दोन रस्ते. एक जाड, लांबचा. दुसरा बारीक करडी रेघ, चौदा मिनिटं कमी. फाट्यावर पाटी होती, पुढं डांबर नाही. गाडी भाड्यानं देणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खडीवर घालू नका. मला आठवत होतं.

मी म्हटलं, "भावजी, हा खडीचा दिसतोय."

"फोनवाली काय म्हणतीय?"

"ती जा म्हणतीय. पण..."

"मग जाऊ की. चौदा मिनिटं वाचत्यात."

दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कालचं विसरले नव्हते. मनात म्हटलं, जा मग. हे खरं आहे. निदान या वहीत तरी खोटं लिहायचं नाही.

आठ-नऊ कि.मी.वर रेंज गेली. बाई आपली सरळ जा, सरळ जा. मग रस्त्यावरून आडवा ओढा. पाणी खळाळत दगडांवरून जाणारं. भावजींनी गाडी हळू केली, माझ्याकडे बघितलं. "फोनवर रस्ता पुढं आहे," एवढंच बोलले मी. त्यांनी घातली. अर्ध्यात पुढचं चाक दगडात बसलं. पाणी दाराला.

बूट हातात घेऊन चौघं उतरलो. पाणी असं गार की पाय आपले राहिले नाहीत. पद्मा घसरली, मनगटावर पडली. काठावर बसवून बघितलं. सूज होती, पण बोटं हलत होती. मी माझा स्कार्फ फाडून पट्टी बांधायला घेतली.

तासभर कुणी आलं नाही. भावजी काठावर येरझाऱ्या घालत होते. मग थांबले आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले (माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे) :

"चूक माझीच हाय रम्या. फोन कुणाच्या हातात दिला मी! तुमच्या लोकांना सगळं आयतं. सीट आयती, नोकरी आयती. रस्ता शोधायची पाळी कधी आली का तुमच्यावर?"

तुम्हाला नाही म्हणाले. तुमच्या लोकांना.

आणि हे हसले. "हा हा, व्यंक्या तापला बघ." लहान पोरानं शिवी दिल्यावर हसतात तसं.

पद्मा नवऱ्याला तेलुगूत काहीतरी बोलली, दोनच शब्द. भावजींनी तोंड पाण्याकडे फिरवलं.

माझ्या हातात तिचं मनगट होतं. पट्टी पुरी केली. गाठ सैल पडू दिली नाही.

आणखी तासाभरानं एक म्हातारी बाई ट्रॅक्टर घेऊन आली. काही न विचारता दोर लावला, गाडी ओढून काढली, हात हलवला आणि गेली.

१३ नोव्हें., गुरु.

सकाळी ह्यांना विचारलं, ऐकलंत ना?

"रागात बोलला. त्याच्या मनात काही नसतं."

मनात नसतं तर तोंडात कुठून आलं?

"पंचेचाळीस वर्षांची दोस्ती आहे आमची."

माहीत आहे. सासरे भावजींच्या वडिलांच्या कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे पाठीवर वाहायचे आणि ही दोघं पोरं शाळेत एका बाकावर. 'व्यंक्याच्या आईनं मला स्वयंपाकघरात बसवून जेवू घातलं', हे ह्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय मी. बिल्ला मिळाल्यासारखं सांगतात. आज पहिल्यांदा डोक्यात आलं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जेवलो हे सांगत फिरायची वेळ इतर कुणावर येते?

आयती नोकरी. माझी आई वैरागला दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. नर्सिंगला आले तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि दोन साड्या. पहिल्या वर्षी होस्टेलवर माझ्या शेजारची कॉट तीन महिने रिकामी होती. का ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आज घाटातून क्वीन्सटाउनला आलो. दिवसभर तीनच शब्द बोलले. डावीकडे. उजवीकडे. सरळ. भावजी काही झालंच नाही असे. "वहिनी, आज लई गप्प?"

"पाचशे मीटरवर उजवीकडे."

१६ नोव्हें., रवि. परत क्राइस्टचर्च

गाडी परत केली. काउंटरवरच्या बाईनं खाली वाकून चिखल बघितला, विचारलं, खडीवर नेली होती का? भावजींनी माझ्याकडे बोट केलं. फोन हिच्याकडे होता म्हणाले.

मी पुढं झाले. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, पाटी मी वाचली, एकदा सांगितलं, गाडी भावजींनी घातली. बाईला त्याचं काही नव्हतं, तिनं कागदावर खूण केली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "लोकांसमोर कशाला?"

कुठले लोक? ती एक परकी बाई. आपल्या माणसांसमोर बोलता येत नाही, परक्यांसमोर बोलायचं नाही. मग कुठं बोलू?

२३ नोव्हें., रवि. सोलापूर

घरी येऊन पाच दिवस. हे सकाळी भावजींबरोबर फिरायला जायला लागले. पहिल्यासारखेच.

गोष्ट आमच्या आधी पोचली होती. "वहिनींनी गाडी नदीत घातली." भाजीवालीजवळ शेजारची हसत विचारते, सिस्टर, बुडाला होता म्हणे? माळशिरसहून बहिणीचा फोन, तिलाही कळलंय. भावजी रंगवून सांगतात, पाणी कमरेपर्यंत आलंय आता. ट्रॅक्टरवाली आहे, पद्माचं मनगट आहे, मी तर आहेच. काठावर ते काय बोलले ते कुणाच्या गोष्टीत नाही.

ह्यांना म्हटलं, पुढच्या वेळी तेही सांगा म्हणावं. हे पेपर वाचत राहिले. पान उलटलं नाही बराच वेळ.

६ डिसें., शनि.

सकाळी पांढरी साडी नेसून पुतळ्यापाशी गेले, हे बरोबर. मेणबत्ती लावली, रांगेत उभं राहून नमस्कार केला. परत चालत येताना गर्दी मागं पडल्यावर हे आपण होऊन बोलले. चोवीस दिवसांनी.

"मी हसलो नसतो तर तिथून आपल्याला परत कोण आणणार होतं? गाडी तुला येते का मला?"

मी थांबले. खरं होतं. रेंज नाही, मुलूख परका, किल्ली त्यांच्या खिशात. पुढं चार दिवस त्याच गाडीत बसायचं. हे मला तिथं सुचलं नव्हतं आणि ह्यांना एका क्षणात सुचलं होतं. इतक्या पटकन सुचतं म्हणजे किती वर्षांची सवय असेल. वाईट वाटलं. आधी ह्यांच्याबद्दल, मग परत राग आला.

म्हटलं, "आणि आता? आता तर आपण आपल्या पायांनी घरी चाललोय."

ह्यांनी कोपऱ्यावर मला हाताला धरून रस्ता ओलांडवला. एरवी कधी धरत नाहीत.

१० डिसें., बुध.

पद्मा दुपारी एकटीच आली. मनगट बघितलं, बरं आहे. जरा वेळ पोरीबाळींचं बोलली. मग म्हणाली, "ताई, तवा मी ह्यांना 'सिग्गु लेदा' म्हणले होते. लाज न्हाय का, आसं. घरी आल्यावर चार दिवस बोलले न्हाईत माझ्याशी."

मी चहा ओतला. बरं वाटायला हवं होतं. विचारलं, "मग मराठीत का नाही म्हणालीस?"

ती अर्धा चहा ठेवून गेली. दारात म्हणाली, येत जावा की ताई. मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही.

तिला असं विचारायला नको होतं बहुतेक. सगळ्यांत कमी दोष तिचा, आणि मी बोलले ते तिलाच.

१४ डिसें., रवि.

चौघांचा ग्रुप आहे, सहलीसाठी केलेला. आज सकाळी भावजींनी त्यावर टाकलं : पुढच्या वर्षी आयर्लंड. गाडी बुक करून टाकतो. फोन मात्र वहिनींना द्यायचा न्हाय. खाली त्यांनीच टाकलेली हसणारी चार तोंडं.

पद्माचं उत्तर नाही.

मी स्वयंपाकघरात, हे बाहेर हॉलमध्ये फोन घेऊन बसलेले. मधे भिंत. माझ्या फोनवर वरती दिसलं, रमेश लिहीत आहेत. थांबलं. परत, लिहीत आहेत. बराच वेळ. एवढा वेळ हसणारं तोंड टाकायला लागत नाही. तेही थांबलं.

बाहेर जाऊन बघितलं नाही. विचारलंही नाही. तवा तापला होता, भाकरी टाकली. ती झाली, दुसरी टाकली.

परत लिहीत आहेत.